धीटपणाने मागायचं आणि नम्रही राहायचं: ख्रिस्ती प्रार्थना कशी शिकावी

मंडळीच्या कोणत्याही प्रार्थनासभेत दोन तऱ्हेच्या प्रार्थना हमखास ऐकू येतात. एक जण ठणकावून म्हणतो, "प्रभू, या महिन्यात हे काम झालंच असं मी तुझ्या नावाने घोषित करतो!" दुसरा पुटपुटतो, "प्रभू, मी कसल्या लायकीचा? तू माझं ऐकशील की नाही कोण जाणे, जमलं तर बघ." ऐकणाऱ्यांना पहिल्याचा विश्वास दांडगा वाटतो आणि दुसऱ्याची नम्रता मोठी वाटते. पवित्र शास्त्र उघडून पाहिलं तर दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात. पहिल्याचा भरवसा देवावर कमी आणि स्वतःच्या घोषणेवर जास्त आहे. दुसरा स्वतःच्या लायकीविषयी बोलतो आहे असं वाटतं, पण खरी शंका त्याने देवाच्या चांगुलपणावर घेतली आहे.

प्रार्थना शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच. धैर्य आणि नम्रता यांचं प्रमाण जुळवायचं, थोडं हे थोडं ते घ्यायचं, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात दोन्ही पूर्ण हवीत, कारण दोघांचा विषय वेगळा आहे. भरवसा देव कोण आहे याबद्दल असतो, तर नम्रता आपला हक्क किती याबद्दल. यांची अदलाबदल झाली की प्रार्थना बिघडते.

एकाच अध्यायात दोन्ही धडे

हे नीट समजून घ्यायचं असेल तर लूककृत शुभवर्तमानाचा १८वा अध्याय एका बैठकीत वाचावा. आपल्या सवयीने आपण त्याचे तुकडे करतो: एका रविवारी विधवेचा दाखला, तर दुसऱ्या रविवारी परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस) आणि जकातदार. लूकने मात्र ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत.

पहिल्या आठ ओवींत (म्हणजे वचनांत) एक विधवा आणि एक न्यायाधीश आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. विधवेकडे लाच द्यायला पैसा नाही, शब्द टाकायला कुणी वजनदार माणूस नाही. तिच्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे परत परत जाणं. शेवटी तो कंटाळून न्याय देतो. "सर्वदा प्रार्थना करावी व खचू नये" हे या दाखल्याचं प्रयोजन लूकने आरंभीच सांगून टाकलं आहे. तरीही त्याचा सर्रास उलटा अर्थ लावला जातो: देवाच्या मागे लागलं, त्याला भंडावून सोडलं, की तो देतो. येशूचा युक्तिवाद तसा नाही. देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं तो म्हणतच नाही. असला अन्यायी माणूसही अखेर ऐकतो, तर आपल्या निवडलेल्यांवर प्रेम करणारा देव ऐकणार नाही का, असं तो विचारतो. सगळा जोर त्या फरकावर आहे. मत्तय ७:९-११ मध्येही हाच मार्ग दिसतो. भाकर मागणाऱ्या लेकराला बाप धोंडा देत नाही. मग स्वर्गीय पिता तर किती जास्त देईल! पुन्हा पुन्हा मागायचं ते देवाचं मन वळवण्यासाठी नव्हे, तर त्याचं मन आधीच चांगलं आहे हे आपण विसरू नये म्हणून.

नवव्या ओवीपासून मंदिरातले दोघे येतात. परुशाची प्रार्थना वाचताना तो नेमकं काय मागतो ते शोधा. काहीच मागत नाही. तो आभार मानतो, पण देवाने दिलेल्या कशाबद्दल नव्हे, तर आपण लुबाडणारे, व्यभिचारी किंवा "ह्या जकातदारासारखे" नाही याबद्दल. पुढे हिशेब येतो: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एक उपास सांगितला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. याने त्याच्या कितीतरी पुढे मजल मारली होती. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याचं आचरण खरंच चांगलं होतं, आणि इशाऱ्याची खरी धार तिथेच आहे. प्रार्थना बिघडायला ढोंगच लागतं असं नाही. खरीखुरी धार्मिकतासुद्धा देवासमोर भांडवल म्हणून मांडली की प्रार्थना संपते आणि अहवालवाचन सुरू होतं.

जकातदार दूर उभा राहतो, नजर वर करत नाही, ऊर बडवतो. म्हणतो एवढंच: "हे देवा, मज पापी माणसावर दया कर." आपलं सगळं लक्ष त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे जातं. पण एक गोष्ट सुटता कामा नये. त्याने मागितलं. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, स्वतःच्या लोकांना नागवणारा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस मंदिरात आला, आणि दोघांतली खरी मागणी त्याचीच होती. दया मिळेल अशी आशा नसती तर तो घरीच बसला असता. त्याच्या नम्रतेत भरवसा दडलेला आहे. (हा दाखला वाचून "मी त्या परुशासारखा नाही, देवाचे आभार" असं मनात आलं, तर आपण नेमके कुठे उभे आहोत हे ओळखावं.)

अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा भिकारी येतो. पुढे चालणारे लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणतात. तो अधिकच ओरडतो. त्याचीही हाक दयेचीच आहे, जकातदारासारखी. पण चिकाटी विधवेची. येशू थांबून विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे?" आंधळ्याला काय हवं असेल हे उघड होतं, तरी विचारतो. उत्तर एका ओळीचं: मला दृष्टी यावी. प्रस्तावना नाही, पाल्हाळ नाही.

भरवसा येतो कुठून

इब्री लोकांस पत्राच्या ४:१६ मध्ये कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने येण्याचं आमंत्रण आहे. त्याचं कारण आदल्या ओवीत आहे: आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती वाटणारा, सर्व प्रकारे पारखलेला तरी निष्पाप असा प्रमुख याजक आपल्याला आहे. या वाक्याचं वजन कळायला जुनी व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. यरुशलेमेच्या मंदिरात परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या दालनात, फक्त प्रमुख याजक जाई, वर्षातून एकाच दिवशी, तोही रक्त घेतल्याशिवाय नाही. त्याच पत्राच्या १०:१९ मध्ये लेखक सामान्य विश्वासणाऱ्यांना सांगतो की येशूच्या रक्तामुळे त्या जागी जाण्याचं धैर्य तुम्हाला आहे. दार दुसऱ्याने, भारी किंमत मोजून उघडलं. म्हणून आत जाताना संकोच नको आणि मिरवणंही नको. धैर्य आणि नम्रता एकाच उगमातून येतात ती अशी.

आणि राजासनाकडे जायचं कशासाठी? दया मिळावी आणि गरजेच्या वेळी साहाय्य मिळावं म्हणून. हे आमंत्रण सुधारलेल्या माणसाला नाही, गरजवंताला आहे. "आधी थोडा नीट वागतो, मग प्रार्थनेला बसतो" हा विचार नम्र वाटतो, पण पत्राने सांगितलेल्या क्रमाच्या तो बरोबर उलट आहे.

"येशूच्या नावाने मागतो" हे शब्दही यातूनच कळतात. प्रार्थनेच्या शेवटी मारायचा तो शिक्का नव्हे. माझ्या नावावर नाही, त्याच्या नावावर मी आलो आहे, ही कबुली आहे. आणि जे मागतो ते त्याच्या नावाला शोभेल असं असावं हे बंधनही तिच्यात आलं. शेजाऱ्याची खोड मोडावी म्हणून या नावाने प्रार्थना करता येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दोघांच्या विश्वासाला मोठा म्हणतो, आणि दोघेही यहूदी नाहीत. रोमी शताधिपती (सैन्यातला अधिकारी) आपल्या आजारी चाकरासाठी म्हणतो, आपण माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, शब्द मात्र बोला. कनानी बाई आपल्या मुलीसाठी म्हणते, मुलांची भाकर नको, पण कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. दोघांनी स्वतःसाठी काडीचाही हक्क सांगितला नाही. दोघांनी येशूच्या सामर्थ्यावर आणि दयेवर तसूभरही शंका घेतली नाही. चर्चच्या उपासनेने ही दोन वाक्यं जपून ठेवली आहेत. कॅथलिक मिस्सामध्ये (मुख्य उपासनाविधीत) प्रभूच्या प्रार्थनेआधी, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेआधी, आम्ही हे म्हणायचं धैर्य करतो, अशी प्रस्तावना असते. काही मिनिटांतच, पवित्र भाकर घेण्याआधी, शताधिपतीचे शब्द म्हटले जातात. अँग्लिकन परंपरेतल्या १६व्या शतकापासूनच्या सहभागिता-प्रार्थनेत मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही, अशी ओळ आहे. ती म्हणणारे लोक थोड्याच वेळात मेजाजवळ जातात.

"तुझी इच्छा असेल तर"

हे शब्द म्हणावेत की नाही, यावर मंडळ्यांत वाद होतात. काही जण म्हणतात, हा अविश्वास. काहींच्या प्रत्येक वाक्याला हे शेपूट असतं. मार्कच्या दोन प्रसंगांतून याचा उलगडा होतो.

पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. येशू त्याला अजिबात टोकत नाही, हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, आपल्याने काही होत असेल तर आम्हांला साहाय्य करा. इथे मात्र येशू त्याच्या "होत असेल तर" या शब्दांवर बोट ठेवतो. देवाची इच्छा देवावर सोपवणं ही नम्रता. देवाच्या सामर्थ्यावर प्रश्नचिन्ह ठेवणं हा भरवशाचा अभाव. त्या बापाचं पुढचं वाक्य तर प्रत्येकाने पाठ करावं असं आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एवढ्या डळमळीत विश्वासावरही मुलगा बरा झाला. तेव्हा भरवसा म्हणजे छातीत येणारी उबदार भावना नव्हे. भावना आली नाही तरी त्या दारापाशी जाणं, हा भरवसा.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना (मार्क १४:३६) या बाबतीत सगळ्यात स्पष्ट आहे. तिचे चार भाग पडतात. आधी नातं: अब्बा, बापा. मग देवाविषयीचं सत्य: तुला सर्व काही शक्य आहे. मग मागणी, आडपडदा न ठेवता: हा प्याला (येणारं दुःख) माझ्यापासून दूर कर. आणि शेवटी सोपवणं: तरी मला पाहिजे ते नको, तर तुला पाहिजे ते. क्रम महत्त्वाचा आहे. आपण पुष्कळदा तिसरा भाग गाळून थेट चौथ्यावर उडी मारतो. मागितलंच नाही तर नकार पचवायची वेळ येत नाही, म्हणून "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून मोकळे होतो. ते समर्पण नसतं, निराश होण्याची भीती असते. येशूने तीनदा तेच शब्द बोलून मागितलं, आणि मगच उठला.

रोजची प्रार्थना: पंधरा मिनिटांची रीत

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तासाभराचा संकल्प करू नये. पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी आणि त्याच जागी, एवढं पुरे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. जवळ पवित्र शास्त्र, वही आणि पेन असावं. गुडघे टेकता आले तर उत्तम. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत ताठ बसावं. शास्त्रात लोक उभे राहून, गुडघ्यांवर, जमिनीवर पालथे पडून आणि हात उंचावून अशा सगळ्या तऱ्हांनी प्रार्थना करताना दिसतात. अंथरुणात पडून केलेली पहाटेची प्रार्थना मात्र सहसा झोपेत विरते.

पहिली दोन मिनिटं काही मागू नका. आपण कोणासमोर आहोत ते मनात आणा. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेच्या दोन-चार ओळी हळू वाचल्या की हे सोपं जातं.

नंतरची आठ-नऊ मिनिटं प्रभूच्या प्रार्थनेला द्या, ती एका दमात न म्हणता ओळीओळीवर थांबून. सलग म्हटली तर तिला अर्धा मिनिट लागतो. पहिला अर्धा भाग देवाचा आहे: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. आपल्या गरजा त्यानंतर येतात. या क्रमामुळेच मागणी आपोआप ठिकाणावर येते. "तुझे राज्य येवो" इथे थांबून विचारावं, आज माझ्या दुकानात, माझ्या वर्गात, माझ्या घरात ते आलं तर नेमकं काय बदलेल? "आमची रोजची भाकर" इथे आजच्या गरजा सांगाव्यात, बारीकसारीकही. ही ओळ एकट्याची नाही, "आमची" आहे. म्हणून इथेच दोन-तीन जणांची नावं घ्यावीत. सगळ्यांसाठी रोज प्रार्थना करायला गेलं की नुसती यादी वाचली जाते. त्यापेक्षा वारांप्रमाणे नावं वाटून घ्यावीत.

"आमची ऋणे आम्हांला सोड" ही ओळ बहुतेकजण घाईने ओलांडतात. "प्रभू, आम्ही पापी आहोत, सर्व पापांची क्षमा कर" हे खरं असलं तरी इतकं मोघम आहे की त्याने कुणाचंच काही दुखत नाही. त्याऐवजी असं म्हणून पाहा: "काल रात्री जेवताना सासूबाईंनी औषधाचं विचारलं तेव्हा मी मुद्दाम टोचून बोलले. मुलांसमोर बोलले. त्यांचा चेहरा उतरला ते मला दिसलं आणि बरंही वाटलं. हे पाप होतं. क्षमा कर, आणि आज त्यांच्याशी बोलायला मला तोंड दे." यात प्रसंग आहे, कबुली आहे आणि पुढचं पाऊल आहे. एवढं झालं की थांबावं. १ योहान १:९ मध्ये देव क्षमा करण्यास विश्वसनीय व न्यायी आहे असं वचन आहे. त्याच पापाबद्दल आठवडाभर स्वतःला कोसत राहणं नम्रतेसारखं दिसतं, पण त्यात त्या वचनावरचा अविश्वास असतो. या ओळीचा दुसरा अर्धा भाग इतरांचं ऋण सोडण्याचा आहे. ज्याचं नाव घेतलं की जीभ अडते, त्याचंच नाव इथे घ्यायचं असतं.

उरलेल्या मिनिटांत त्या दिवसाची एक विशेष मागणी ठेवावी. ती उत्तर आलं तर ओळखता येईल इतकी नेमकी असावी. "मुलाचं भलं कर" यापेक्षा "सोमवारी त्याची मुलाखत आहे. त्याला शांतपणे, खरं बोलता येऊ दे. ही नोकरी मिळावी अशी माझी फार इच्छा आहे. नाही मिळाली तर आम्ही दोघांनी एकमेकांवर चिडू नये म्हणून आम्हांला सांभाळ" हे बरं. वहीत तारीख आणि मागणी लिहून ठेवावी, पुढे काय झालं यासाठी जागा सोडावी. "नाही" आणि "अजून नाही" हेही प्रामाणिकपणे लिहावं. फक्त यशाच्या नोंदी ठेवल्या की वही परुशाच्या यादीसारखी होते.

मन भरकटेल. कुकरच्या शिट्ट्या, वीजबिल, काल कुणी बोललेलं. आठवलेलं काम पटकन वहीच्या कोपऱ्यात टिपावं आणि परत ओळीवर यावं. जी चिंता तीनदा येते ती अडथळा नसते, बहुधा तोच त्या दिवसाचा प्रार्थनाविषय असतो.

शब्द सुचत नाहीत तेव्हा

स्तोत्रसंहिता याचसाठी आहे. १५० स्तोत्रांपैकी बरीच तक्रारीची आहेत, आणि हे नवीन माणसाला माहीत नसतं. १३वं स्तोत्र उघडा, सहाच ओवी आहेत. पहिल्या दोन ओवींत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. हाच साचा घेऊन स्वतःचं लिहावं: किती दिवस हे असं चालणार, मला आत्ता काय हवं, आणि तरीही तुझ्याविषयी मला काय ठाऊक आहे. प्रत्येकी दोन वाक्यं. तक्रार देवाकडे करणं हा उद्धटपणा नाही. देवाकडे पाठ फिरवून इतरांकडे त्याची तक्रार करणं निराळं. कधी तिसरा भाग लिहवत नाही. मग तो त्या दिवशी कोराच ठेवावा. ८८वं स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे.

मराठी विश्वासणाऱ्याला हा सूर परका नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत गायली. वारकरी संतांच्या अभंगांतलं देवाशी भांडणारं, रुसणारं आणि त्याच्याच पायांशी येणारं भक्ताचं मन त्यांच्या पूर्ण परिचयाचं होतं. मंडळीत म्हटली जाणारी त्यांची गीतं घरी एकट्याने, चालीशिवाय, प्रार्थना म्हणून वाचून पाहावीत.

स्तोत्रं क्रमाने घ्यायची असतील तर सकाळी एक, संध्याकाळी एक अशी पंचाहत्तर दिवसांत पूर्ण होतात. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ती महिन्याच्या तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळमध्ये वाटली आहेत, पण सुरुवातीला तो वेग झेपत नाही. ११९वं स्तोत्र एका दिवसात संपवायचा हट्ट नको. त्याचे बावीस भाग आहेत, ते तसेच घ्यावेत.

फारच थकवा असेल, रुग्णालयाच्या बाकावर बसायची वेळ आली असेल, तर पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी शतकानुशतकं जपलेली एका ओळीची प्रार्थना आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. आंधळ्याची हाक आणि जकातदाराची कबुली यांचा यात मेळ आहे, म्हणजे पुन्हा लूकचा तोच अध्याय. पहिला अर्धा भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना, मनातल्या मनात म्हणावा. लोकलमध्ये उभ्यानेही म्हणता येतो. येशूने निरर्थक बडबडीला नको म्हटलं (मत्तय ६:७) ते जास्त शब्दांनी देव ऐकतो या समजुतीमुळे. तीच ओळ लक्ष देऊन पुन्हा म्हणण्याला त्याने हरकत घेतलेली नाही. जपमाळ करणाऱ्या कॅथलिकांनाही हाच निकष लागू आहे, आणि "हालेलुया, हालेलुया" म्हणणाऱ्या आमच्या प्रार्थनासभांनाही.

उत्तर येत नाही तेव्हा काय म्हणू नये

आजारी माणसाला "तुझा विश्वास कमी पडतोय" असं सांगणं ही मंडळीत होणारी सगळ्यात क्रूर चूक आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारी एक व्यथा) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे (२ करिंथ १२:७-९). काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल? सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेत शहरात ठेवलं, असं तो स्वतः लिहितो (२ तीमथ्य ४:२०). तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, जो त्या काळी औषध म्हणूनही वापरत. प्रार्थना केली म्हणून इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी बंद करू नये; कुणी तसं सांगितलं तर ऐकू नये. याकोब ५:१४ मंडळीच्या वडीलजनांना बोलावून, तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, वैद्याला हाकलायला सांगत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अन्नपाण्यासाठी देवाकडे मागितलं जाई, आणि त्याच हातांनी विहिरी खणल्या जात, शेती होई, छापखाना चाले.

कधी कधी अडथळा आपल्या बाजूलाही असतो, आणि शास्त्र तो नेमका दाखवतं. याकोब ४:३ मागण्यामागच्या चुकीच्या हेतूकडे बोट दाखवतो. १ पेत्र ३:७ नवऱ्यांना बजावतो की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत खंड पडेल. हे वचन कौटुंबिक उपासनेत मोठ्याने वाचलं जावं. मात्र ही वचनं स्वतःला तपासायला आहेत. दुसऱ्याच्या आजारपणावर निदान म्हणून ती वापरायची नसतात.

चारचौघांत प्रार्थना करताना

पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना करणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, ते साहजिक आहे. घरून दोन वाक्यं लिहून आणावीत, एक आभाराचं आणि एक मागणीचं, आणि ती सरळ वाचावीत. कागद बघून केलेली प्रार्थना कमी दर्जाची नसते. स्तोत्रंही आपण बघूनच वाचतो. एक-दोन मिनिटं भरपूर झाली. "मी" ऐवजी "आम्ही" म्हणावं, म्हणजे ऐकणाऱ्यांना शेवटी मनापासून आमेन म्हणता येतं. आवाज खोलीतल्या शेवटच्या माणसापर्यंत जावा, गल्लीच्या टोकापर्यंत नको.

जुन्या, सराईत मंडळींच्या चुका वेगळ्या. प्रार्थनेतून उपदेश करणं ही पहिली: "प्रभू, काही लोक उपासनेला उशिरा येतात, त्यांना बुद्धी दे." हे बोलणं देवाशी चाललेलं नसतं. दुसरी, प्रार्थनाविषयाच्या नावाखाली एखाद्याच्या घरची भानगड सगळ्यांसमोर मांडणं. कुणाचं आजारपण, कर्ज किंवा घटस्फोट सभेत सांगण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. ती नसेल तर "एका कुटुंबासाठी" एवढंच म्हणावं, देवाला पत्ता ठाऊक आहे. व्हॉट्सॲप गटावर टाकायच्या विनंत्यांनाही हाच नियम. तिसरी चूक, गोड आवाजाच्या त्याच तिघांना दर आठवड्याला प्रार्थना करायला सांगणं. सभा चालवणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं की आज प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं आहे, आणि ज्याला नको वाटेल त्याने शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावून पुढे जाऊ द्यावं. मग मागच्या रांगेतली आजी आणि कॉलेजातला पोरगाही हळूहळू बोलू लागतात.